सुईण रशियाला गेली

आमच्या नाटकातली सुईण दिवसा क्रेन चालवायची.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची ही गोष्ट. पहिल्या भट्टीचा सांगाडा वर चढत होता. आता जिथे सेक्टरांच्या सरळ सडका आहेत तिथे तेव्हा धानाचे बांध होते, आणि आम्ही कॅम्पातल्या एका खोलीच्या, पत्र्याच्या घरांत राहत होतो. माझा नवरा वेल्डर. लग्न होऊन मी भंडाऱ्याकडच्या खेड्यातून इथे आले. आमच्या ओळीतली बहुतेक घरं विदर्भातली आणि नुकतीच नागपूरला दीक्षा घेऊन बौद्ध झालेली. कोणी प्लांटमध्ये, कोणी रेल्वेत. मागच्या ओळीत तेलुगू, बिहारी, ओडिया. नळ मात्र सगळ्यांना मिळून एकच होता, त्यामुळे घागर भरेपर्यंत चार भाषा कानावर पडत.

आमच्या ओळीच्या टोकाला मास्तर राहायचे. पूर्वी गावच्या शाळेत शिकवत होते, म्हणून मास्तर. इथे ते टाइम ऑफिसात कारकून होते. पेटी चांगली वाजवायचे आणि गाणी लिहायचे. जयंतीला काही तरी करायचं असं ठरलं तेव्हा त्यांनी एक संगीत नाटक लिहिलं. त्यांची मावशी गावात सुईण होती. तिच्यावरून लिहिलं होतं.

नाटक फार मोठं नव्हतं. पाटलाच्या सुनेचं बाळंतपण अडलेलं असतं. पायाळू मूल. गावकुसाबाहेरच्या सुईणीला बोलावून आणतात. ती बाळ सोडवते, आईलाही वाचवते. दोन आठवड्यांनी त्याच घरात बारसं असतं. सुईण नवं लुगडं नेसून, बाळासाठी कुंची शिवून घेऊन येते. पाटील दारात उभा राहून म्हणतो, "बाहेर थांब." आत पाळण्याची गाणी सुरू होतात. सुईण अंगणात उभी राहून स्वतःचा पाळणा म्हणते :

पाळणा हालते माडीवरती, दोरी माह्या हाती नाही
पयला श्वास ऐकला म्या, नाव मातर कानी नाही

एवढं झालं की पडदा.

पडदा म्हणजे दोन ताडपत्र्या. रंगमंच रशियाहून यंत्रं ज्या पेट्यांतून यायची त्यांच्या फळ्यांचा. फळ्यांवर मोठी काळी रशियन अक्षरं होती आणि त्या अक्षरांवर आमचा पाटील येरझाऱ्या घालायचा. विजेच्या दिव्यांची सोय नव्हती, आणि रात्रपाळीला जाणाऱ्यांनाही नाटक पाहायचं असे. म्हणून आमचे खेळ सुटीच्या दिवशी दुपार कलली की सुरू व्हायचे आणि ऊन असतानाच संपायचे.

सुईणीचं काम करणारे ते क्रेनवाले भाऊजी आमच्या शेजारच्याच खोलीत राहायचे. सडपातळ, मिशी न ठेवलेले, मॅट्रिक झालेले. बायकी हावभाव त्यांनी कधी केले नाहीत. पदर डोक्यावर घेऊन, खांदे जरा वाकवून ते नुसते चालत यायचे आणि आम्हाला आपापल्या गावची सुईण दिसायची. आवाज असा, की पाळणा सुरू झाला की मागच्या रांगेतली कुजबुजसुद्धा थांबायची. जयंतीला एक खेळ झाला. मग लोकांनी पुन्हा मागितला. मग पुन्हा. कुम्हारीहून लोक सायकलींवर येऊ लागले. जुनवानी तेव्हा खेडं होतं, तिथून बांधकामावर येणाऱ्या छत्तीसगढी बाया डोक्यावरची टोपली उलटी करून तिच्यावर बसायच्या आणि नाटक पाहायच्या. माझी तेलुगू शेजारीण मराठी एक शब्द जाणत नव्हती, पण "बाहेर थांब" आलं की ती तिच्या भाषेत पाटलाला मोठ्यानं काही तरी सुनवायची.

तालमी आमच्या अंगणात व्हायच्या, कारण ढोलकी माझा नवरा वाजवायचा. मी चुलीपुढे भाकरी थापत ऐकायची. ऐकून ऐकून सगळं नाटक पाठ झालं. कोणी चाल चुकला तर मी आतूनच सुरात ती ओळ म्हणायची आणि मास्तर पेटी थांबवून म्हणायचे, "ऐका, आतून बरोबर येऊन राहिलं." त्या वेळी एवढ्यावरच मी खूश असायची.

एक दिवस भाऊजी कामावरून आले ते धावतच. प्लांटमधून काही जणांना ट्रेनिंगसाठी रशियाला पाठवणार होते आणि त्यांत त्यांचं नाव होतं. रोलिंग मिलची यंत्रं शिकून यायची होती. आमच्या ओळीला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. ज्यांच्या बापांना गावच्या शाळेत आत बसू दिलं नव्हतं, त्यांच्यातला एक जण विमानात बसून रशियाला शिकायला चालला होता. दुर्ग स्टेशनवर त्यांना पोचवायला आम्ही सगळे गेलो. त्यांच्या आईनं लोकरी गळपट्टा विणून दिला होता. तो त्यांनी उन्हातच गळ्यात घातला होता आणि घामानं निथळत होते, पण काढत नव्हते.

गाडी हलली. परतताना मास्तर अचानक रस्त्यात थांबले.

"अरे," ते म्हणाले, "आपली सुईण गेली ना!"

तोवर हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

पुढच्या जयंतीला मास्तरांनी दुसऱ्या एकाला सुईण केलं. माणूस चांगला होता, पण धिप्पाड. माझ्या नवऱ्याबरोबरचाच वेल्डर. लुगडं त्याच्या पोटऱ्यांपर्यंतच पोचत होतं. तो पहिल्यांदा आला तेव्हा लोक हसले. आपण त्यांना हसवू शकतो हे त्याच्या लक्षात आलं आणि तो आणखी लचकत चालू लागला. पाळण्याच्या वेळी तर मैदानभर हशा. ज्या ओळीला बाया डोळे पुसायच्या त्या ओळीला पोरं पोट धरून लोळत होती. मास्तरांनी पेटी बंद केली, उठले आणि स्वतःच्या हातानं ताडपत्री ओढून घेतली.

"झालं," ते म्हणाले. "हे नाटक आता बंद. माही मावशी हसण्यासाठी नाही."

फळ्या एकावर एक रचून आमच्या घरामागे ठेवल्या गेल्या. पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरलं. नळावर तेलुगू शेजारीण खुणेनं विचारायची, नाटक कधी? मी हात हलवायची, नाही. कुम्हारीचे लोक दोनदा सायकली मारत आले आणि विचारून परत गेले.

त्याच वर्षी मला दिवस गेले. बाळंतपणासाठी मी माहेरी गेले नाही, सासूच आमच्याकडे आली. आत्याबाई. मी त्यांना तसंच म्हणायची. त्या गावात सुईण होत्या. नवऱ्यानं हे मला कधी तरी सांगितलं होतं, पण तो आईबद्दल फार बोलायचा नाही. मुलगी झाली. आत्याबाईंनीच सोडवली.

बाळाला झोपवताना मी सवयीनं नाटकातला पाळणा म्हणायची. एका दुपारी आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी म्हणत होते आणि त्यांचे हात सुपात थांबले.

"हे कोणाचं गाणं हाये वं?"

"नाटकातलं हाये, आत्याबाई. सुईणीचं."

"पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. मग त्यांनी सगळं नाटक सांगायला लावलं. मी सांगितलं. पायाळू मूल, कुंची, पाटील, अंगण. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"तुमच्या मास्तरले हे कोणं सांगतलं?"

"त्यायच्या मावशीचं हाये म्हणते."

"माहं बी हेच हाये," त्या म्हणाल्या. "फक्त कुंची नव्हती. झबलं होतं." थोड्या वेळानं विचारलं, "कधी करते हे नाटक? मले पाहाचं हाये."

"आता नाही करत. बंद पडलं."

"कावून?"

"सुईण रशियाले गेली."

मी हे असं का म्हणाले कोण जाणे, पण तोंडातून तेच निघालं. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं समजावून सांगितलं. क्रेन, भाऊजी, धिप्पाड वेल्डर, हशा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे सुईणीचं काम पुरुष करत होता?"

"हो."

"अन् तुले हे गाणं एवढं येते?"

"सगळं येते. बोलणं बी येते."

"मंग तू कावून नाही करत? सुईण कधी पुरुष असते का?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्यांनी त्याला बसवलं आणि मला म्हणाल्या, "म्हण." मला लाज वाटत होती, तरी म्हटलं. बसून नाही, उभी राहून, पदर डोक्यावर घेऊन, भाऊजी उभे राहायचे तशी. संपलं तेव्हा नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो उठून बाहेर गेला आणि थोड्या वेळानं मास्तरांना घेऊन आला. मला पुन्हा म्हणावं लागलं. मास्तर म्हणाले, "मले चालते. पण समितीले विचारा लागते."

जयंतीच्या समितीचे अध्यक्ष दादाजी. भिलाई-तीन स्टेशनवर गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. वयानं आणि मानानं सगळ्यांत मोठे. त्यांच्यापुढे कोणी आवाज चढवत नसे. सुटीच्या दिवशी सकाळी आमच्याच अंगणात सगळे जमले. मास्तरांनी विषय काढला आणि दादाजींचा चेहरा उतरला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत.

"माही मोठी बहीण तमाशाच्या फडात नाचत होती," ते म्हणाले. "आपल्या बायाइले त्याच्यातून काढासाठी आपण काय काय केलं ते तुमाले माहीत हाये. मी स्वतः तिले घरी घेऊन आलो. ती माह्याशी दोन वर्षं बोलली नाही, पण आणली. आता तुमी म्हणता आपल्या ओळीतली सून स्टेजवर उभी करा. लोक काय फक्त आपलेच येते का? सगळ्या गावचे येते. कोणी शिट्टी मारली त मी कोणाले तोंड दाखवू?"

दादाजींचं चुकत नव्हतं, हे मलाही कळत होतं. माझ्या माहेरीही हेच म्हटलं गेलं असतं.

आत्याबाई भिंतीला टेकून बाळाला घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बापा, सुईण नाचत नाही."

"ते बरोबर हाये बाई, पण पाहणाऱ्याच्या डोळ्याले काय सांगावं?"

"पाहणारा बी कोण्या तरी सुईणीच्याच हातानं जन्मला असन ना?"

दादाजींना हसू आलं, पण ते पटलं असं नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आतापर्यंत मला कोणी काहीच विचारलं नव्हतं.

"तू सांग पोरी. तुले कावून करायचं हाये?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्या डोक्यात पुष्कळ मोठी वाक्यं येत होती. समाजाचं, नाटकाचं, आत्याबाईंचं. पण खरं सांगायचं तर कारण त्यांतलं एकही नव्हतं.

"मले गाता येते, दादाजी," मी म्हणाले.

दादाजींनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा टोपी घातली.

"कर," ते म्हणाले. "मी पयल्या रांगेत बसीन. कोणी काही केलं त मी उठीन."

फळ्यांवरचं शेवाळ आम्ही घासून काढलं. नाटक पुन्हा सुरू होणार हे कळताच जे लोक आले, तेवढे आधी कधी आले नव्हते. काही नाटकासाठी आले, काही बाई उभी राहणार हे पाहायला आले, हेही तेवढंच खरं. आत्याबाईंनी मला स्वतःचं हिरवं लुगडं नेसवलं. त्याला त्यांच्या पेटीतल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास होता. निऱ्या बसवताना म्हणाल्या, "पाय जमिनीवर दाबून चाल. सुईणीले बोलावणं उशिराच येते, ती घाईत असते." एवढंच सांगून बाळ घेऊन बायांच्या घोळक्यात जाऊन बसल्या.

मी ताडपत्रीआडून बाहेर आले. समोर ऊन आणि माणसंच माणसं. आत्याबाईंनी सांगितलं तशी पाय दाबून चालले. फळीच्या मध्यावर पोचले आणि मागून लांबलचक शिट्टी आली. तिच्यामागे दोघातिघांचं खिदळणं. ती पोरं आमच्या वस्तीतली नव्हती, कंत्राटदाराकडची असावीत.

नवऱ्याची ढोलकी थांबली. पहिल्या रांगेत दादाजी उठून उभे राहिले.

आता सगळं संपलं, असं मला वाटलं नाही. खूप राग आला. तो राग माझा होता की त्या लुगड्यातल्या सुईणीचा, ते आजही नक्की सांगता येत नाही. मी हात कपाळावर धरून, उन्हात दूरचं पाहावं तसं, शिट्टी आली तिकडे पाहिलं आणि नाटकातल्याच आवाजात विचारलं :

"कोण हायेस रे बापा? कोणाचा हायेस? तुही नाळ कोणं कापली?"

मास्तरांनी हे लिहिलेलं नव्हतं. पण बायांच्या घोळक्यातून एकदम आवाज आला, "सांग ना रे!" मग दुसरीचा. मग तर सगळ्याच. जुनवानीच्या बाया त्यांच्या बोलीत त्या पोरांना काय काय बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. ती पोरं खाली बसली. दादाजी काही क्षण उभे होते. मग माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली आणि खाली बसले. ढोलकी सुरू झाली.

पुढचं नाटक मी केलं असं म्हणण्यापेक्षा ते होत गेलं. बाळ सोडवण्याचा प्रवेश आला तेव्हा बाया जागच्या जागी पुढे सरकल्या होत्या. "बाहेर थांब" आलं. मी अंगणात आले, म्हणजे फळ्यांच्या अगदी कडेला. पाळणा सुरू केला. भाऊजी ती ओळ ताणून म्हणायचे, लोक टाळ्या द्यायचे. मला तेवढा ताण देता येत नव्हता. मी बाळाला म्हणायची तशीच हळू म्हटली. संपली. टाळी पडली नाही. मला वाटलं, फसलं. मग पाहिलं, तर कोणी हललंच नव्हतं. दादाजी मान खाली घालून बसले होते.

खेळ संपल्यावर एक छत्तीसगढी बाई मागे आली. हात विटांनी खरबरीत झालेले. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "दाई, तैं हमन ला रोवा डारे." तू आम्हाला रडवलंस. मी तिच्याहून लहान होते, तरी ती मला आई म्हणाली होती.

आत्याबाई बाळाला घेऊन तिथेच उभ्या होत्या. घरी आल्यावर मला पाटावर बसवलं आणि स्वतःच्या हातानं वाढलं. सासूनं सुनेला आधी वाढायचं, ही आमच्या घरात रीत नव्हती.

शिट्टीला दिलेलं उत्तर मास्तरांनी नाटकात ठेवून दिलं. पुढे कधी शिट्टी आली नाही, तरी मी ते विचारायची आणि बाया ओरडायच्या, "सांग ना रे!" ती त्यांची ओळ झाली होती. नाटक पुन्हा चालू लागलं. सेक्टरांत क्वार्टर मिळून गेलेले लोकही परत यायचे. मराठी अधिकाऱ्यांच्या घरच्या काही बाया टांगा करून आल्या आणि टोपल्यांवर बसलेल्या बायांच्या मागे सतरंजी टाकून बसल्या. दादाजी प्रत्येक खेळाला पहिल्या रांगेत असायचे. एकदा त्यांनी आपल्या मोठ्या बहिणीला आणलं. पांढरे केस, ताठ बसलेली. जाताना माझ्या गालावरून बोटं फिरवून ती तिनं स्वतःच्या कानशिलावर मोडली.

मग भाऊजी रशियाहून परतणार असल्याचं कळलं. ओळीत आनंद होता, मलाही होता. पण नळावर एकीनं सहज म्हटलं, "आता खरी सुईण आली, तुले सुटी," आणि मी घागर अर्धीच उचलून निघाले. काम त्यांचं होतं. त्यांनीच ते उभं केलं होतं. नवऱ्याला मी त्या दिवशी सांगून टाकलं, "भाऊजीले त्यायचं काम द्या लागन." तो ढोलकी कसत होता. "द्या लागन," तो म्हणाला, पण वर पाहिलं नाही.

भाऊजी आले ते नेमके खेळाच्याच दिवशी. गाडी उशिरा आली होती. सामान घरी टाकून ते थेट मैदानात आले आणि मागे तेलुगू शेजाऱ्यांमध्ये बसले. मला माहीत नव्हतं. नाटक संपलं, मी ताडपत्रीआड लुगड्याचा कासोटा सोडवत होते, तेव्हा बाहेरून आवाज आला.

"येऊ का?"

अंगावर जाड कोट, गाल भरलेले, पण तेच भाऊजी. मी पटकन म्हणाले, "भाऊजी, मी फक्त तुमी येईपर्यंत केलं. आता तुमीच…"

त्यांनी हातानं थांबवलं.

"माह्या सुईणीले लोक टाळ्या वाजवत होते," ते म्हणाले. "तुह्या सुईणीले वाजवत नाही. त्यायले टाळ्या सुचतच नाही. मी मागं बसून पाहून राहिलो होतो. माह्याकडूनबी नाही वाजली." मग जरा थांबून म्हणाले, "मले आता हे काम देऊ नका. कोणी दिलं तरी मी करणार नाही."

"मंग तुमी काय करान?" बाहेरून मास्तरांनी विचारलं.

"पाटील."

आमचा पाटील तसाही कंटाळला होता. बिचारा फिटर, अत्यंत गरीब माणूस. पण प्रत्येक खेळानंतर बाया नळावर त्याच्या बायकोला पाणी भरू द्यायच्या नाहीत. त्यानं आनंदानं फेटा भाऊजींच्या हाती दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या अंगणात तालीम ठेवली. भाऊजींना सगळं नाटक पाठ होतं, त्यामुळे अडचण नव्हती. पहिला प्रवेश नीट झाला. पाटलाचा दरारा त्यांनी नुसत्या पाठीच्या कण्यानं आणला. मग बारसं आलं. मी कुंची घेऊन दाराशी गेले. दारात भाऊजी उभे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि थांबले.

मास्तरांनी पेटीवर सूर धरून ठेवला. भाऊजींनी तोंड उघडलं, शब्द आला नाही.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"विसरले का?" नवऱ्यानं विचारलं.

"विसरीन कसा?" ते म्हणाले. "सुईण होऊन मी हे आयकतच आलो ना. दाराबाहेर उभा राहून आयकत होतो. म्हणणं कसं असते, तेच समजून नाही राहिलं."

ते पायरीवर बसले. नळावर बाया घागरी लावून पाहत होत्या. कोणी घाई केली नाही. मी त्यांच्यासमोर गेले.

"भाऊजी," मी म्हणाले, "तुमी म्हटलं नाही त मी गाऊ कशी?"

त्यांनी वर पाहिलं. उठले, फेटा सरळ केला, दारात जाऊन उभे राहिले. मी पुन्हा अंगणाच्या टोकापासून कुंची घेऊन चालत आले, पाय दाबून, घाईत.

"बाहेर थांब," पाटील म्हणाला.

मी मागे सरले, अंगणाच्या कडेला उभी राहिले आणि पाळणा सुरू केला. पहिली ओळ माझी एकटीची झाली. दुसरी ओळ घेतली तेव्हा नळावरून माझ्या तेलुगू शेजारणीनं ती तिच्या उच्चारात माझ्याबरोबर उचलली. तिच्यामागून बाकीच्या बायांनी उचलली. घागर भरून वाहत होती, पण नळ बंद करायला कोणी वाकलं नाही.